कण्या विदुराच्या, उपदेश दुर्योधनाचा

मराठी माणसाने एक वाक्य इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचा अर्थ तपासावा असे त्याला आता वाटतही नाही: चटणी-भाकरीत जे सुख आहे ते पंचपक्वान्नांत नाही. लग्नाच्या पंगतीत बासुंदीची तिसरी वाटी रिकामी करून हे वाक्य उच्चारले जाते. प्रवचनकार ते सप्ताहाच्या मांडवात उच्चारतात आणि मग यजमानांच्या घरी तुपात भिजलेल्या पुरणपोळीला बसतात. सुखवस्तू माणूस ते शेतघराच्या ओसरीवर बसून म्हणतो; चुलीपुढे भाकऱ्या थापायला बाई ठेवलेली असते. या वाक्याच्या वक्त्यांत एक वर्ग मात्र कधी आढळत नाही. ज्याला खरोखरच तिन्हीत्रिकाळ चटणी-भाकरी खावी लागते, त्याला या सुखाबद्दल कोणी बोलायला बोलावलेले नाही. त्याच्या वतीने आपणच बोलतो, आपणच मान डोलावतो आणि सुपारी कातरता कातरता ‘समाधान असावे लागते हो’ असा ठराव एकमताने मंजूर करतो. या ठरावाला विरोध नोंदवण्यासाठी हा लेख आहे.

प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या पुऱ्या ताकदीनिशी मांडू, म्हणजे अन्याय केल्याचा आरोप नको. ते असे: साधे जेवण हे समाधानी मनाचे डोळ्यांना दिसणारे रूप आहे. जिभेचे लाड थांबले की मनाची धावही थांबते. म्हणून तर देवाला कौरवांच्या मेजवानीपेक्षा विदुराच्या कण्या गोड लागल्या, सुदाम्याच्या पोह्यांपुढे द्वारकेचे वैभव फिके पडले आणि शबरीची उष्टी बोरे रामाने आवडीने खाल्ली. गीतेने सात्त्विक आहाराची थोरवी सांगितली. तुकोबांनी देव ठेवील तसे राहायला शिकवले, त्यागराजांनी राजाच्या धनाकडे पाठ फिरवली. तात्पर्य, ताट जितके रिकामे तितके मन भरलेले. आणि गरीब माणूस, त्याला ठाऊक असो वा नसो, अध्यात्माच्या वाटेवर आपल्या चार पावले पुढे आहे. युक्तिवाद देखणा आहे, यात शंका नाही. त्यात खोट एकच: ज्यांना साक्षीला उभे केले त्यांपैकी एकही साक्षीदार पक्षकाराच्या बाजूने बोलत नाही.

उलटतपासणीसाठी जागा जरा दूरची, पण आपल्याच नात्यातली निवडू. तामिळनाडूत कुंभकोणमजवळ, कावेरीच्या खोऱ्यात गोविंदपुरम् नावाचे गाव आहे. कांची कामकोटी पीठाच्या परंपरेत एकोणसाठावे आचार्य मानले गेलेले बोधेंद्र सरस्वती यांची समाधी तिथे आहे. परंपरा त्यांच्या समाधीचे वर्ष १६९२ सांगते. अद्वैताच्या या संन्याशाने नामाला मोक्षाचे साधन ठरवले आणि ते नाम सर्वांना खुले आहे असे सांगितले. त्याच गावात आज विठ्ठल-रुक्मिणीचे भव्य मंदिर उभे आहे, २०११ मध्ये त्याचा कुंभाभिषेक झाला. कावेरीकाठी विठोबा पोचला याचे नवल वाटायला नको. व्यंकोजीराजे भोसल्यांनी १६७६ च्या सुमारास तंजावरात बसवलेले राज्य १८५५ पर्यंत टिकले, आणि त्या पावणेदोनशे वर्षांत मराठी कीर्तन आणि अभंग तिकडच्या भजनपद्धतीत असे मुरले की आज तमिळ भागवत ते आपलेच म्हणून गातात. भक्ती आपली, मुलूख भाताचा. साधे अन्न आणि समाधान यांचे नाते खरोखर काय होते, हे तपासायला याहून सोयीची जागा मिळणार नाही. पण आधी विदुराचे आणि सुदाम्याचे पाहू, कारण प्रतिपक्षाचा खरा भरवसा त्यांच्यावर आहे.

उद्योगपर्वात कृष्ण दुर्योधनाचे जेवण नाकारतो तेव्हा पदार्थांबद्दल चकार शब्द काढत नाही. त्याचे कारण सरळ आहे: माणूस दुसऱ्याकडे जेवतो तो प्रेमापोटी, नाहीतर संकटात सापडला म्हणून, तुझे माझ्यावर प्रेम नाही आणि मी काही संकटात नाही. दुर्योधनाने कण्या वाढल्या असत्या तरी कृष्ण पाटावरून उठला असता. आणि विदुराच्या घरी पानात पडले काय? महाभारतात कण्यांचा पत्ता नाही. विदुराने शुद्ध, चांगले आणि नाना परीचे अन्नपान पाहुण्यापुढे ठेवले, एवढेच तिथे म्हटले आहे. वाल्मीकींच्या शबरीपाशीही उष्ट्या बोरांचा उल्लेख नाही. कण्या काय आणि उष्टी बोरे काय, मागाहूनच्या भाविकांनी कथेत घातली, आणि ती घालताना त्यांना गरीब यजमानाच्या जिव्हाळ्याविषयी बोलायचे होते. सुदाम्याची गोष्ट तर सुरूच भुकेपासून होते. भागवतात त्याची बायको उपासमारीने वाळून गेलेली आहे. तीच नवऱ्याला मित्राकडे पाठवते, आणि भेट न्यायला घरात काही नाही म्हणून शेजारून चार मुठी पोहे मागून आणून फडक्यात बांधून देते. म्हणजे ज्यांना आपण समाधानाचे प्रतीक मानले, ते पोहे मुळात उसने आहेत! आणि गोष्टीचा शेवट? मूठभर पोहे खाऊन देवाने ‘काय तुझी समाधानी वृत्ती’ असे प्रशस्तिपत्र देऊन मित्राला झोपडीत परत धाडले का? सुदामा गावी आला तेव्हा झोपडीच्या जागी महाल होता. पोहे आवडल्याची पोच देवाने दिली ती सुदाम्याच्या घरातली उपासमार कायमची संपवून. या तिन्ही कथांत वाढणारा गरीब आहे आणि खाणारा देव. आपल्या उपदेशकांनी पानांची अदलाबदल करून टाकली: खायचे गरिबाने, आणि ते पाहून धन्य व्हायचे आपण. विदुराच्या कण्यांचा दाखला द्यायचा आणि बसायचे दुर्योधनाच्या पाटावर, अशी ही सोय आहे.

दुसरा दाखला गीतेचा. सात्त्विक म्हणजे साधे, आणि साधे म्हणजे कोरडे-पातळ, असे समीकरण ज्यांनी मनाशी बांधले आहे त्यांनी सतरावा अध्याय एकदा उघडून पाहावा. तिथे सात्त्विक आहार रसाळ आहे, स्निग्ध आहे, अंगी लागणारा आहे आणि मनाला रुचणारा आहे. तिखट, खारट, आंबट, दाह करणारे आणि रूक्ष ते राजस. शिळे, बेचव आणि उष्टे ते तामस. या काट्यावर लसणीची झणझणीत चटणी आणि कोरडी भाकरी ही जोडी थेट राजसात जाते, आणि वाड्यावरून मागून आणलेला रात्रीचा तुकडा तामसात. हा निकाल आम्हालाही मानवणारा नाही. भाकरीवर आमचाही जीव आहे. परंतु गीतेला साक्षीला बोलावणाऱ्याने तिची साक्ष अर्ध्यावर तोडू नये. सहाव्या अध्यायात जसे अतिखाऊ माणसाला योग साधत नाही असे सांगितले आहे, तसेच उपाशी राहणाऱ्यालाही तो साधत नाही असे सांगितले आहे. आपल्या उपदेशकांना या वाक्याचा पूर्वार्ध तेवढा आठवतो. तैत्तिरीय उपनिषद त्याही पुढे जाते: अन्नाची निंदा करू नये, अन्न अव्हेरू नये आणि अन्न भरपूर करावे, अशी व्रतेच तिथे घालून दिली आहेत. थोडक्यात भागवण्याचे व्रत त्या ऋषींना सुचले नाही. आणि आळंदीच्या त्या चार भावंडांची गोष्ट? वाळीत टाकलेली, भिक्षेवर वाढलेली मुले. एके दिवशी निवृत्तीला मांडे खावेसे वाटले. खापर मिळू नये म्हणून विसोबांनी अडवणूक केली, तेव्हा ज्ञानदेवांनी योगाग्नी पेटवून पाठ तापवली आणि मुक्ताईने त्या पाठीवर मांडे भाजले. भाकरी नव्हे, मांडे! मराठी मनाने आपल्या सर्वांत थोर योग्याच्या योगसामर्थ्याला काम दिले ते भावाची गोड खाण्याची इच्छा पुरवण्याचे. ‘निवृत्ती, इच्छा मार, समाधानी राहा,’ असे ज्ञानदेव म्हणाल्याचे कोणतीही आजी सांगत नाही.

आता तुकोबा आणि त्यागराज. हे दोन साक्षीदार खरोखर वजनदार आहेत, म्हणून त्यांना घाईने मोकळे करता येणार नाही. त्यागराजांचे (१७६७–१८४७) तिरुवैयारू हे गाव याच कावेरीच्या काठी. तंजावरच्या सरफोजीराजांच्या दरबाराचे निमंत्रण त्यांनी नाकारले, आणि निधीत सुख आहे की रामाच्या सान्निध्यात, असे विचारणारी त्यांची ‘निधि चाल सुखमा’ ही कृती त्या प्रसंगाशी जोडली जाते. दही, लोणी, दुधाच्या चवीपुढे रामभजनाच्या अमृताची चव त्यांनी त्यात ठेवली आहे. अन्नाचे रूपक आणि समाधान यांची गाठ याहून घट्ट कुठे बांधलेली सापडेल? मान्य. पण नकार देण्यासाठी आधी कोणी तरी देऊ करावे लागते. त्यागराजांपुढे राजदरबार उघडा होता आणि त्यांनी स्वतःसाठी तो बंद केला. कावेरीकाठच्या कुळवाड्याला ‘तूही नाकार’ असे ते सांगायला गेले नाहीत; त्याला नाकारण्याजोगे कोणी काही देऊ केलेच नव्हते. शिवाय ते जगत होते उंछवृत्तीवर. भजन म्हणत दारावरून जायचे, घरोघरचे मूठ-मूठ तांदूळ पात्रात घ्यायचे. ही वृत्ती निर्धन माणसाची खरी, पण ती चालते केव्हा? गल्लीतल्या प्रत्येक घरात आपले भागवून मूठभर तांदूळ उरत असतील तेव्हा. एकाच्या वैराग्याला शंभर भरलेल्या कणग्यांचा आधार लागतो. ज्या गावात सगळ्यांच्याच कणग्या रिकाम्या, तिथे उंछवृत्ती कोण कोणाकडे करणार?

तुकोबांच्या समाधानाचा हवाला देणाऱ्यांनी देहूचा १६३० चा दुष्काळही जमेस धरावा. त्या दुष्काळात त्यांची पहिली पत्नी अन्न अन्न करीत गेली. पत्नीच्या मृत्यूवर तुकोबांनी ‘देवाची इच्छा’ असा पडदा टाकला नाही. त्या आठवणीने आपल्याला लाज वाटली, दुःख झाले, असेच ते सांगतात. त्यानंतर त्यांनी केले काय? घरात सावकारी होती, कुळांची खते होती. धाकट्या भावाचा वाटा त्याला देऊन आपल्या वाट्याची खते त्यांनी इंद्रायणीत बुडवली. समाधान ही त्यांची वृत्ती खरीच, पण त्या वृत्तीचे पहिले कृत्य म्हणजे दुसऱ्याच्या ताटावरचा आपला हक्क सोडून देणे. कुळांना बोलावून ‘बाबांनो, व्याज भरा आणि समाधानी राहा’ असे ते म्हणाले असते तर आज त्यांचे नाव घ्यायला कोण उरले असते? साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपुरात अन्न सोडले ते विठोबाचे दार अस्पृश्यांना उघडावे म्हणून. स्वतः निवडलेली भूक आणि दुसऱ्याने लादलेली भूक यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिली तप आहे, दुसरी अन्याय. दोघींना एकच आरती ओवाळणारा माणूस एक तर भोळा असतो, नाहीतर फार हुशार.

आता गोविंदपुरम्‌च्या परिसरात फिरून येऊ. तिथून थोड्याच अंतरावर तिरुविशनल्लूर आहे. बोधेंद्रांचे समकालीन श्रीधर वेंकटेश अय्यावाळ यांचे हे गाव. दक्षिणेच्या नामसंकीर्तन परंपरेत दोघांची नावे जोडीने घेतली जातात. व्यंकोजीपुत्र शहाजीराजांनी हे गाव पंडितांना अग्रहार दिले, म्हणून त्याला शाहजीराजपुरम् असेही म्हणत. अय्यावाळांची कथा तिथे घरोघर माहीत आहे. वडिलांच्या श्राद्धाचा दिवस, ब्राह्मणांसाठी पूर्ण स्वयंपाक तयार. वाटेत एक भुकेने कासावीस झालेला अंत्यज भेटला. अय्यावाळांनी श्राद्धाचे अन्न आणून त्याला खाऊ घातले. ब्राह्मण उठून गेले. प्रायश्चित्त म्हणून गंगास्नान सांगितले. अय्यावाळांनी गंगेचा धावा केला आणि अंगणातल्या विहिरीतून गंगा उसळून रस्त्यावर आली. आजही कार्तिकी अमावास्येला त्या विहिरीच्या पाण्याने स्नान करायला लोक लोटतात. हीच कथा मराठी माणसाने पैठणच्या एकनाथांची म्हणून ऐकली आहे; तिथेही श्राद्धाचे पान भुकेल्या अंत्यजांपुढे गेले. गोदावरी आणि कावेरी यांच्यामध्ये एवढा मुलूख, भाषा वेगळ्या, तरी दोन्ही काठांनी आपल्या संताची परीक्षा एकाच प्रसंगाने घेतली. त्या प्रसंगात पानावर काय होते ते नीट पाहा. श्राद्धाचे जेवण म्हणजे भात, वरण, वडे, खीर. वर्षातले सर्वांत निगुतीने केलेले. भुकेल्याला त्यातलेच मिळाले. ‘श्राद्धाचे राहू दे, तुला पेज करून देतो, साधे अन्न आत्म्याला बरे,’ असा विचार अय्यावाळांच्या मनाला शिवला असता तर गंगा विहिरीतच राहिली असती.

ही केवळ संतांच्या चरित्रातली नवलकथा आहे, व्यवहार वेगळा असतो, असे कोणी म्हणेल तर त्याने तंजावरची छत्रे पाहावीत. रामेश्वरच्या वाटेवर भोसले राजांनी आणि राण्यांनी अन्नछत्रे बांधली. ओरत्तनाडूचे मुक्तांबा छत्र सरफोजीराजांचे. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीच्या हाती गेला, तरी छत्रे आपल्याकडे राहावीत म्हणून सरफोजींनी धडपड केली. १८०१ मध्ये इंग्रज रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात त्यांनी छत्रांचा रिवाज सांगितला आहे: ब्राह्मणापासून अस्पृश्य मानलेल्या परयापर्यंत, जोगी-बैराग्यांसह, येईल त्याला जेवण, शिजवलेला भात न चालणाऱ्याला कोरडा शिधा, लहान मुलांना दूध, आजाऱ्याला औषध आणि पथ्याचे अन्न, बाळंतिणीची व्यवस्था. आणि मध्यरात्री घंटा वाजवायची, कोणी जेवायचे राहिले असेल तर या, म्हणून. राज्य गमावलेल्या राजाने परक्या सत्तेपाशी मागितले काय, तर लोकांना जेवू घालण्याचा हक्क. त्याच तंजावरात, व्यंकोजींच्या राणी दीपाबाईंच्या आश्रयाला असलेल्या आणि समर्थ रामदासांशी संबंध आलेल्या रघुनाथपंडितांनी ‘भोजनकुतूहल’ हा अन्नावरचा संस्कृत ग्रंथ रचला. पदार्थांच्या गुणदोषांचा एवढा निगुतीने विचार करताना त्यांना आपल्या परमार्थाला बाधा येते आहे असे वाटले नाही. कावेरीखोऱ्याच्या उत्तरेला वडलूर येथे रामलिंग स्वामींनी १८६७ मध्ये धर्मशाळा काढली. तिथली चूल आजही विझलेली नाही. या मुलखात ज्याला ज्याला आत्मिक शांती गवसली त्याने प्रथम चूल पेटवली. प्रवचन नंतर.

‘साध्या अन्नात समाधान’ या वाक्याची किंमत कोणी मोजली, हेही याच मुलखाने दाखवले आहे. जुन्या तंजावर जिल्ह्यातल्या कीळवेणमणी गावात २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री ४४ दलित माणसे एका झोपडीत कोंडून जाळण्यात आली, त्यांत बहुतेक बायका आणि मुले. त्या वादाच्या मुळाशी होती मजुरीच्या भातात मागितलेली मापभर वाढ. साऱ्या तमिळ मुलखाला तांदूळ पुरवणाऱ्या जमिनीवर राबणारी ही माणसे. भाताच्या कोठारात बसून मूठभर भात जास्त मागणाऱ्याला ‘समाधान नाही’ म्हणणे सोपे असते. ते असमाधान विझवायला मग आगसुद्धा चालते. आपल्याकडे १८७७ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडी चिल्लर पुरे, असा हिशेब मांडला. माणूस थोडक्यात भागवू शकतो, हे तत्त्वज्ञान त्या साहेबाला कोणत्या संताने शिकवले होते? पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध आवाज उठवला, मजुरांनी कामे टाकली, आणि जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने त्याच वर्षी दुष्काळातल्या मुलांसाठी बालाश्रम काढला. समाधानाचा उपदेश सरकारकडे होता, अन्न यांच्याकडे.

आजचे पाहा. शाहू पाटोळे यांनी मराठवाड्यातल्या दलितांच्या खाण्यापिण्यावर लिहिलेल्या पुस्तकाचे नाव ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ ठेवले. त्या एका ‘अ’मध्ये आमच्या सगळ्या साधेपणाच्या स्तोत्रांना उत्तर आहे. जे मिळाले ते खाल्ले, टाकून दिलेले खाल्ले, मेलेल्या जनावराचे खाल्ले. त्यातून चव निर्माण केली हे त्या हातांचे कर्तृत्व, पण ती निवड नव्हती. आणि घराघरात सर्वांत साधे कोण जेवते? सगळ्यांची पाने वाढून झाल्यावर तळाची आमटी आणि पहिली करपलेली भाकरी घेऊन बसणारी बाई. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला. पाच वर्षांखालच्या ३५.५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली. साधे अन्न आणि आत्मोन्नती यांचे गणित खरे असेल तर देशातल्या निम्म्याहून अधिक स्त्रिया एव्हाना जीवन्मुक्त झाल्या असायला हव्यात.

आक्षेप येतील, त्यांतला पहिला साहित्यिकांचा: अहो, हे रूपक आहे, ते इतके अक्षरशः का घेता? घ्यावे लागते, कारण रूपकाला रस मिळतो तो खऱ्या भाकरीतून. चंद्राची उपमा दिल्याने चंद्राचे काही बिघडत नाही. भाकरीची उपमा वारंवार दिली की भाकरीवर जगणाऱ्याचे बिघडते. त्याच्या अभावाचे आपण अलंकारात रूपांतर करतो, आणि अलंकाराबद्दल कोणी तक्रार करत नाही, कोणी मजुरी वाढवूनही मागत नाही. दुसरा आक्षेप असा की गरीब माणूस स्वतःच म्हणतो, माझी भाकरी मला गोड आहे. म्हणतो, आणि त्याने म्हणावेच. तो त्याचा स्वाभिमान आहे. पाहुण्यासमोर आपले घर उणे दिसू नये म्हणून माणूस असे बोलतो. तेच वाक्य त्याच्या मालकाने उच्चारले की ते स्वाभिमानाचे राहत नाही, मजुरीच्या हिशेबाचे होते. तिसरा आक्षेप प्रकृतीचा: साध्या खाण्याने साखर ताब्यात राहते, वजन उतरते. उतरो बापडे. वैद्याचा सल्ला म्हणून तो शिरसावंद्य. त्याला मोक्षाचा मार्ग का म्हणायचे? २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष झाल्यापासून नाचणी मोठ्या हॉटेलांच्या ताटात मानाने बसली आहे, आणि रात्रभर पाण्यात ठेवलेला शिळा भात, कावेरीकाठचा तो शेतमजुरांचा ‘पळय सादम’, आता शहरात कौतुकाने खाल्ला जातो. ज्या भाताने मजूर नांगराला जात असे तोच भात खाऊन आपण आता आत्मशोधाला जातो.

चौथा आक्षेप मात्र खरा आहे, आणि तेवढाच आम्ही मान्य करतो. हाव वाढली आहे, लग्नात मोजता येणार नाहीत इतके पदार्थ मांडले जातात आणि त्यांतले निम्मे उकिरड्यावर जातात. मग संयम नको का? हवा, नक्कीच हवा. पण तो कोणाला सांगायचा? ज्याच्या पानात जास्त आहे त्याला. अपरिग्रह ही साठवणाऱ्याची शिस्त आहे. ज्याच्याजवळ साठाच नाही त्याला ती शिकवणे म्हणजे उघड्या माणसाला काटकसरीने कपडे वापरायला सांगणे. आणि हाव असलेल्याला तरी आपण काय सांगतो? ‘कधी कधी साधे जेवा, बरे वाटते,’ एवढेच. त्याच्या पानातले उरलेले कोणाकडे जावे, हा पुढचा प्रश्न आपण सोयीने गाळतो. विठोबाच्या दारात हा प्रश्न गाळता येत नाही. वारकऱ्याचा सप्ताह संपतो काल्याने. पोहे, लाह्या, दही. पदार्थ अगदी साधे. पण काल्याला चव येते ती साधेपणाने नव्हे. गोविंदाने सगळ्या गवळ्यांच्या शिदोऱ्या सोडायला लावल्या, एकत्र कालवल्या, आणि कोणाची दशमी आणि कोणाचा शिळा तुकडा हे ओळखू येईनासे केले. ज्याची शिदोरी भरली होती त्याला ती उघडावी लागली, ही काल्यातली अट आहे. आपल्याला काल्याचा प्रसाद हवा असतो, शिदोरी सोडायची नसते.

म्हणून हे स्पष्ट म्हटले पाहिजे. साधे अन्न हे समाधानाचे चिन्ह आहे, पण फक्त त्याच्या ताटात, ज्याच्यापुढे दुसरे ताट होते आणि ते त्याने भुकेल्याकडे सरकवले. त्याखेरीज इतर कोणत्याही ताटातले साधे अन्न हे फक्त कमी अन्न असते. विदुराने कण्यांचे प्रवचन केले नाही, कण्या वाढल्या. अय्यावाळांनी भुकेल्याची सहनशीलता वाखाणली नाही, त्याला श्राद्धाचे पान दिले. तुकोबांनी समाधान शिकवण्याआधी खते बुडवली. ज्याच्या हातात पळी आहे त्याने समाधानावर बोलू नये, वाढावे. आणि बोलायचेच असेल तर सरफोजींच्या छत्रातली ती मध्यरात्रीची घंटा आधी वाजवावी, अंधारातून कोणी उठून येते का ते पाहावे. कोणी आले तर त्याला बसवून, पोटभर वाढून, मगच स्वतःची चटणी-भाकरी घ्यावी. तेव्हा ती गोड लागली तर आम्ही एक शब्दही बोलणार नाही.